कोस्ट सेलिश कनू शर्यती : राणीचा वाढदिवस, डोमिनियन डे आणि 4 जुलै – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आणि लगतच्या अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी मूलनिवासी लोकांच्या कनू शर्यती होत. कनू म्हणजे वल्ह्यांनी चालवायची लांब, अरुंद होडी. त्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. जुन्या फोटोखाली 'इंडियन कनू रेस' लिहिलंय. म्हणजे आपले भारतीय लोक का?

नाही. त्या काळच्या इंग्रजीत 'इंडियन' म्हणजे अमेरिका खंडातले मूलनिवासी. गंमत अशी की त्याच वर्षांत पंजाबातून गेलेले कामगार ब्रिटिश कोलंबियातल्या लाकडाच्या गिरण्यांत राबत होते आणि तिथली वर्तमानपत्रं त्यांना सरसकट 'हिंदू' म्हणत, माणूस शीख असला तरीही. त्यामुळे 1905–1915 च्या बातमीत 'इंडियन' दिसलं की मूलनिवासी समजायचं आणि 'हिंदू' दिसलं की आपल्याकडचे.

या पानावरचे शर्यतवाले म्हणजे कोस्ट सेलिश. हा एक समाज नव्हे. साँघीज, सॅनिच, काउइचन, पेनेलाकट, मस्कियम, स्क्वामिश, लमी, स्विनोमिश अशा अनेक समाजांचं ते एकत्रित नाव आहे. भाषा एकमेकींना जवळच्या, आणि गावोगावी सोयरिकी. 1846 च्या करारात 49 व्या अक्षांशावर सीमारेषा पडली आणि हे सगेसोयरे दोन देशांत वाटले गेले.

2. शर्यती कोणत्या सुट्टीला आणि कुठे होत?

तीन तारखा महत्त्वाच्या. 24 मे हा व्हिक्टोरिया राणीचा वाढदिवस. 1 जुलै हा डोमिनियन डे, ज्याला 1982 पासून कॅनडा डे म्हणतात. आणि 4 जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन.

सगळ्यात गाजलेलं ठिकाण व्हिक्टोरिया शहर. 1843 मध्ये हडसन्स बे कंपनीने तिथे गढी बांधली. 1860 च्या दशकापासून राणीच्या वाढदिवसाला शहराच्या मधोमध शिरलेल्या गॉर्ज नावाच्या खाडीत रेगाटा, म्हणजे नौकांच्या शर्यतींचा दिवस, भरू लागला. शेजारच्याच इस्क्वायमॉल्टला ब्रिटिश शाही आरमाराचा तळ होता. त्यामुळे युद्धनौकांवरचे खलाशी आपापल्या होड्या घेऊन उतरत, आणि त्याच कार्यक्रमात मूलनिवासींच्या कनूंच्या शर्यती असत. किनाऱ्यावरच्या गर्दीला खरी ओढ असे ती या कनूंची.

राणी जानेवारी 1901 मध्ये वारली. त्याच वर्षी कॅनडाने 24 मे ही कायमची कायदेशीर सुट्टी केली. 1952 पासून ही सुट्टी 25 मेच्या आधीच्या सोमवारी येते, म्हणून नंतरच्या शर्यतींच्या तारखा दरवर्षी बदललेल्या दिसतात.

3. 24 मेलाच एवढी गर्दी का? बाकीचं वर्ष हे लोक काय करत?

सामन माशाचं वेळापत्रक बघा म्हणजे उलगडा होतो. फ्रेझर नदीत सॉकाय सामनचा मुख्य लोंढा जुलै-ऑगस्टमध्ये येतो. तेव्हा पुरुष मासेमारीवर आणि बायका डबाबंदीच्या कारखान्यांत. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर वॉशिंग्टन राज्यातल्या प्यूजेट साउंड या खाडीच्या बाजूला हॉप्सची, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या फुलांची तोडणी, आणि तिथे तर अख्खी कुटुंबं जात. मे महिना म्हणजे हवा सुधारलेली, समुद्र शांत आणि मजुरीचा हंगाम अजून लागलेला नाही. 1 आणि 4 जुलै हंगामाच्या तोंडावर पडतात. दोन्ही तारखा लागून असल्यामुळे वल्हेकऱ्यांची एखादी टोळी सीमेच्या दोन्ही बाजूंना शर्यत लावू शके.

4. ज्यांनी जमिनी बळकावल्या त्यांच्याच राणीच्या वाढदिवसाला हे लोक शर्यत का लावत?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि मराठी वाचकाच्या मनात तो येणारच. राणीच्या समारंभाचं नाव निघालं की आपल्याला 22 जून 1897 ची गणेशखिंड आठवते.

इथे मात्र कायदा बघायला हवा. 1884 मध्ये कॅनडाच्या संसदेने पॉटलॅच बेकायदा ठरवला आणि 1885 च्या सुरुवातीपासून ती बंदी अमलात आली. पॉटलॅच म्हणजे लग्न, नामकरण, वारसा, मृत्यू अशा प्रसंगी आमंत्रितांना साक्षी ठेवून मोठं दान करण्याचा सोहळा. नाव आणि मान त्यातूनच पक्का होई. बंदी उठली ती 1951 मध्ये. मध्येच 1914 ची दुरुस्ती आली. त्यानुसार पश्चिमेकडच्या मूलनिवासींना सरकारने नेमून दिलेल्या आपल्या राखीव जागेबाहेर नाचात भाग घ्यायला किंवा पारंपरिक पोशाखात कुठल्या खेळात, प्रदर्शनात उतरायला सरकारी परवानगी लागू लागली.

कायद्याचा रोख होता नाचावर आणि पोशाखावर. बनियन घालून कनू वल्हवणारा माणूस त्यात बसत नव्हता. उलट शहराची उत्सव समिती त्याला आमंत्रण देई आणि बक्षीस लावी. मग त्या दिवशी पंचवीस-तीस गावची माणसं राजरोस एकत्र येत. सोयरिकी जुळत, उधारउसनवारी मिटे, पैजा लागत आणि कोणाचं गाव वरचढ हेही ठरे. शहरातल्या बघ्यांच्या लेखी तो राणीचा वाढदिवस होता, वल्हेकऱ्यांच्या लेखी भावकीचा मेळावा. याला निव्वळ राजनिष्ठा म्हणणं भाबडेपणाचं आहे, आणि निव्वळ प्रतिकार म्हणणंही तितकंच. पोरांना जिंकायचं होतं, हेही कारण होतंच की.

एक गोष्ट मात्र विसरू नये. डोमिनियन डेला टाळ्या घेणाऱ्या या वल्हेकऱ्यांना देशाच्या निवडणुकीत बिनशर्त मत देता यायला 1960 उजाडलं. ज्या साँघीज लोकांच्या दारात गॉर्जची रेगाटा भरे, त्यांची बंदराकाठची वस्ती 1911 मध्ये उठवून इस्क्वायमॉल्टच्या बाजूला हलवली गेली.

5. शर्यतीची कनू किती मोठी असते?

मुख्य वर्ग अकरा जणांचा. लांबी 50 फुटांच्या आसपास, म्हणजे 15 मीटर. काही त्याहून थोड्या लांब. रुंदी तीन फुटांच्या आतबाहेर. सगळी कनू एकाच लाल देवदाराच्या खोडातून कोरलेली. तिला फळ्या नाहीत, फासळ्या नाहीत आणि आपल्या कोकणातल्या होडीसारखी उलांडीही (तोलासाठी बाजूला बांधलेलं लाकूड) नाही. तोल सांभाळायचा तो माणसांनीच. लहान वर्गही असत: एकट्याचा, दोघांचा, सहा जणांचा.

6. तिला 'युद्धनौका' का म्हणतात? ती लढाईला नेत असत का?

नाही. 'वॉर कनू' हे नाव जाहिरातीला शोभणारं होतं आणि ते चिकटलं. लढाई, माल आणि कुटुंबासाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या कनू पाच-सहा फूट रुंद, खोल पोटाच्या असत. उघड्या समुद्राच्या लाटा झेलायला ते पोट लागतं. सुरुवातीच्या रेगाटांत अशाच कामाच्या कनू उतरत. पुढे बक्षिसं आणि ईर्ष्या वाढल्या तशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत केवळ शर्यतीची वेगळी जात तयार झाली: लांब, सडसडीत, काठ खाली, नाळ (पुढचं टोक) बारीक. हिच्यात माल भरता येत नाही आणि वाऱ्यातल्या समुद्रात ही भरवशाची नाही. 'परंपरा गोठलेली असते' असं मानणाऱ्यांनी ही कनू जरूर पाहावी. हिचा जन्मच मुळी रेगाटातला.

7. खोडापासून पाण्यापर्यंतची कृती सांगाल का?

झाड : खोड सरळ, गाठी नसलेलं, धागा पिळवटलेला नसलेलं हवं. म्हाताऱ्या देवदाराचा गाभा आतून कुजलेला असू शकतो, म्हणून तोडण्याआधी बुंध्याला चौकोनी भोक पाडून तपासत. अशी भोकं पडलेली, पण न तोडलेली झाडं त्या जंगलांत आजही उभी दिसतात.

फाळणी : खोड पाचरी ठोकून उभं फाडायचं. गाभ्याची रेघ कोरून टाकायच्या भागात गेली पाहिजे. ती तळात राहिली तर लाकूड वाळताना नेमकं तिथेच उलतं.

बाहेरचा आकार आधी, आतला नंतर. कुऱ्हाडीने ढोबळ, मग वाकसाने बारीक. कारण प्रश्न 8 मध्ये आहे.

वाफारा : पोकळ कनूत थोडं पाणी घालून त्यात तापवून लाल केलेले दगड सोडायचे आणि वर चटया झाकायच्या. उकळत्या वाफेने लाकूड मऊ पडलं की बाजू बाहेर झुकवून मध्ये आडवे दांडे बसवायचे. बाजू फाकल्या की काठ मध्यावर खाली बसतो आणि दोन्ही टोकं वर उचलली जातात. म्हणून जाणता कारागीर काठ मध्यावर मुद्दाम उंच ठेवतो आणि तळालाही किंचित वरच्या बाजूला पोक देतो. वाफारा झाल्यावर दोन्ही रेषा सरळ येतात. पोक द्यायचा राहिला तर तळ केळ्यासारखा होतो आणि कनू पाण्यावर गरगर फिरते. शर्यतीच्या कनूला फार रुंदावायचं नसतं, त्यामुळे तिचं हे काम थोडक्यात आटोपतं.

शेवटी घासणी. कामाच्या कनूचा तळ हलकासा जाळून त्यावर माशाचं तेल चोळत. शर्यतीच्या कनूला गुळगुळीत घासून रंग देण्याची पद्धत पडली. पुष्कळांना नावं असत, नाळेजवळ रंगाने लिहिलेली.

8. इतक्या लांब खोडात जाडी सगळीकडे सारखी कशी राखत?

खुंट्यांनी. बाहेरचा आकार पूर्ण झाला की बाहेरून आत ठरावीक अंतरावर बारीक भोकं पाडायची आणि त्यांत मोजून कापलेल्या लाकडी खुंट्या ठोकायच्या. तळासाठी लांब, बाजूंसाठी आखूड, कारण तळ जाड ठेवायचा असतो. खुंटी वेगळ्या रंगाच्या लाकडाची किंवा टोक काळं केलेली. मग आतून वाकस चालवायचा. ढलपा उडाला आणि खाली काळा ठिपका दिसला की तिथे थांबायचं. खुंट्या तशाच आत राहतात. पाण्यात फुगून घट्ट बसतात. जुन्या कनूच्या पोटात ओळीने वाटाण्याएवढे ठिपके दिसले तर ते किडीचं काम समजू नका.

शेवटचा हात मात्र बोटांचाच. एक तळवा आत, एक बाहेर ठेवून सरकवत नेला की जाड जागा कळते.

9. कनू बिघडते कशाने?

उन्हाने, सगळ्यात आधी. कोरडी पडलेली कनू टोकाकडून चिरते. म्हणून किनाऱ्यावर ओढली की तिच्यावर ओल्या चटया टाकायच्या, आणि पुढे शेड बांधायची पद्धत आली. चीर पडलीच तर तिच्या पुढच्या टोकाला भोक पाडून ती थांबवायची, दोन्ही कडा दोरीने शिवायच्या आणि वर डिंक किंवा डांबर भरायचं.

दुसरं, ओढत नेणं. तळ दगडावर घासला की मेहनतीने आणलेला गुळगुळीतपणा गेला. उचलूनच न्यायची, आणि तीही माणसं संपूर्ण लांबीभर वाटून. फक्त दोन टोकांना धरून उचललेली 50 फुटी कनू मध्ये वाकते.

तिसरं पाणी. 45 फूट लांब आणि दीड फूट रुंद तळावर एक इंच पाणी साचलं तर ते दीडशे किलोच्या वर भरतं, म्हणजे दोन माणसं फुकट बसवल्यासारखं. आणि ही माणसं एका जागी बसत नाहीत. कनू कलली की पाणी त्याच बाजूला धावतं.

10. वल्ही कशी असतात? वल्हेकरी उलटे बसतात का?

तोंड पुढे, जिकडे जायचं तिकडेच. वल्हं काठाला अडकवलेलं नसतं, दोन्ही हातांत मोकळं असतं. पान लांबट, टोकाकडे निमुळतं. लाकूड यू किंवा मेपल या झाडांचं, कारण देवदाराचं पान खडकावर आपटलं तर फुटतं. यूचं लाकूड जड पण चिवट.

सगळ्यात मागचा माणूस तांडेल. सुकाणू वेगळं नसतं, त्याचं वल्हंच सुकाणू. पुढचे दोघे-तिघे ताल धरतात आणि बाकीच्यांची नजर त्यांच्या पाठीवर. ताल फसला की आधी वल्ही एकमेकांवर आपटल्याचा खडखडाट येतो, वेग त्यानंतर पडतो. खरी कसोटी वळणाच्या खुणेला. 50 फुटांची काठी जागेवर वळत नाही. तांडेल मागून ढकलतो, नाळेकडचे लोक वल्हं आपल्याकडे खेचून टोक ओढून घेतात, आणि वळण बाहेरून घेतलं तर चार लांब्या तिथेच जातात.

11. गॉर्जमध्ये भरती-ओहोटीचा काय त्रास?

मोठा. गॉर्ज ही अरुंद खाडी आहे आणि पुलाखाली ती खडकांमध्ये इतकी आवळते की पाणी उतरताना तिथे धबधबा तयार होतो. भरतीला तोच उलट दिशेने वाहतो. त्या जागी वेळ चुकली तर कनू पुढे सरकत नाही किंवा आडवी होऊन भरते. पाणी चढलेलं आणि संथ असतानाचा वेळच शर्यतीला बरा. दुसरं असं, की उथळ पाण्यात लांब कनू जड चालते, म्हणून खाडीच्या मधली रांग मिळाली तर बरं. आणि बघ्यांच्या होड्या! दोन्ही काठांना त्यांची दाटी. त्यांच्या लाटा बुटक्या काठावरून सरळ आत येत.

12. 'उलटवण्याची शर्यत' म्हणजे काय?

मध्येच इशारा झाला की कनू मुद्दाम पालथी करायची, परत सुलटी करायची, रिकामी करायची, चढायचं आणि अंतिम रेषा गाठायची. प्रेक्षकांना ही विनोदी वाटे, पण कौशल्य खरं आहे. सुलटी केलेली कनू काठोकाठ भरलेली असते. देवदाराची असल्याने बुडत मात्र नाही. पोहणारे तिला बाजूवर हिंदकळवतात, लय सापडली की प्रत्येक झोक्याला पाणी काठावरून बाहेर उडतं. निम्मं गेलं की सर्वांत हलका माणूस आत चढून उपसतो आणि बाकीचे दोन्ही बाजूंनी समोरासमोर चढतात. दोघे एकाच बाजूने चढले की सगळं पहिल्यापासून.

13. बायकांच्या शर्यती होत्या का?

होत्या, आणि लोकप्रिय होत्या. जुन्या कार्यक्रमपत्रिकेत 'क्लूचमन रेस' असं दिसेल. चिनूक जार्गन या व्यापारी मिश्रभाषेत क्लूचमन म्हणजे बाई, म्हणून यातल्या 'मन'वरून पुरुषांची शर्यत समजू नका. इथल्या बायका शिंपले गोळा करायला, मासे न्यायला वर्षभर वल्हवतच असत. त्या शर्यतीपुरत्या शिकून आलेल्या नव्हत्या.

14. बक्षीस काय मिळे? आणि पैजा?

उत्सव समितीकडून रोख रक्कम, ती टोळीत वाटली जाई. खरी उलाढाल किनाऱ्यावर, गावागावांतल्या पैजांवर. संध्याकाळी तळावर स्लाहालचा डाव बसे: हाडाच्या दोन जोड्या, प्रत्येकीत एक खुणेचं आणि एक कोरं हाड. एका बाजूचे गाणी म्हणत हाडं मुठीत लपवतात, दुसरी बाजू कोरं हाड कोणत्या मुठीत ते ओळखते, आणि मोजणीच्या काड्या इकडून तिकडे जातात. डाव रात्रभर चाले. मेळाव्याचं कारण प्रश्न 4 मध्ये आलंच आहे.

15. फोटोत 'वॉर कनू' लिहिलंय, पण वल्हेकरी एका गुडघ्यावर बसलेत. ही तीच का?

नाही, ती पूर्व कॅनडातल्या क्लबांची कनू. तिच्यात चौदा वल्हेकरी आणि एक सुकाणूवाला असतो, आणि ती लाकडी पट्ट्या जोडून केलेली असते. कॅनेडियन कनू असोसिएशन 1900 मध्ये स्थापन झाली, त्या परंपरेतली ही. जुन्या फोटोत फासळ्या किंवा पट्ट्यांचे सांधे दिसले तर ती सेलिश कनू नव्हे. भूर्ज झाडाच्या सालीची हलकी कनूही वेगळीच. ती अंतर्भागातल्या नद्या-तळ्यांची.

16. 'टिलिकम' ही अशीच शर्यतीची कनू होती का?

नाही. जॉन व्हॉस हा दर्यावर्दी जिच्यातून मे 1901 मध्ये व्हिक्टोरियाहून निघाला आणि 1904 मध्ये इंग्लंडला पोहोचला, ती टिलिकम. मूळची नूचानुल्थ लोकांची 38 फुटी कोरीव कनू, पण व्हॉसने तिला काठ वाढवून, वर खोली आणि तीन डोलकाठ्या बसवून शिडाचं गलबत केलं होतं. शर्यतीची कनू त्या प्रवासात पहिल्या वादळात गेली असती.

17. केरळच्या वळ्ळमकळी या नौकाशर्यतीसारखंच हे का?

दिसायला थोडं. पण तिकडची चुंडन, म्हणजे शर्यतीची सर्पनौका, 100 फुटांच्या वर जाते आणि फळ्या जोडून बांधलेली असते, तिच्यावर शंभराच्या आसपास माणसं असतात. दोहोंत काही नातं नाही.

18. या शर्यती बंद कधी पडल्या?

पडल्या नाहीत. 1930 च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिड्बी बेटावरच्या कूपव्हिलला मोठे जलमहोत्सव भरत. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या सन्मानार्थ लमी लोकांनी 1946 मध्ये स्टॉमिश हा जलमहोत्सव सुरू केला. स्टॉमिश म्हणजे योद्धा. फरक असा की यजमान आता शहराची समिती नव्हे, ते लोक स्वतः. आजही वसंतापासून उन्हाळाभर शनिवार-रविवारी गावोगावी अकरा जणांच्या शर्यती होतात. 1989 च्या 'पॅडल टू सिअॅटल'पासून सुरू झालेल्या लांब पल्ल्याच्या सामूहिक कनूयात्रा मात्र वेगळ्या. तिथे कोण पहिला हे मोजत नाहीत, आणि कनूही रुंद समुद्री पोटाच्या.

19. तिकडे नातेवाइकांकडे गेलो तर बघायला जाता येईल का? काय पाळावं?

जाता येतं, पुष्कळ मेळावे सर्वांना खुले असतात, पण जागा त्यांच्या राखीव भूमीत असल्याने यजमानांच्या सूचना पाळायच्या. किनाऱ्यावर ठेवलेल्या कनूला हात लावू नका, तिच्यावर पाय टाकून ओलांडू नका, आणि टेकून फोटो तर नकोच. तळाला लागलेला वाळूचा कणसुद्धा तांडेल पुसत असतो. तिला 'बोट' म्हणू नका. कनूयात्रेवाल्यांत असं म्हणणाऱ्याला पाण्यात ढकलण्याची जुनी थट्टा आहे. पैजा लावणाऱ्यांच्या मध्ये पडू नका. आणि घडीची खुर्ची, छत्री, रेनकोट बरोबर घ्या, कारण मे-जूनमध्ये तिथला पाऊस सांगून येत नाही.